विजेच्या वायरिंगमधून वरच्या मजल्यावर इंटरनेट: आधी डीबी (विजेचा मुख्य डबा) बघा, मग खरेदी करा

वरच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग चालू असतो, चित्र मध्येच गोठतं आणि तो लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसतो. बंगल्यांत, रो-हाउसमध्ये, गावाकडच्या दुमजली घरांत हे रोजचंच झालंय. फायबरचा डबा खाली हॉलमध्ये टीव्हीजवळ, मध्ये सळयांनी भरलेला स्लॅब, कोकणात शिवाय जांभ्याच्या जाड भिंती. मग कुणीतरी पॉवरलाइन अडॅप्टर सुचवतं. एक खाली लावायचा, एक वर, आणि घरातल्याच विजेच्या तारांमधून इंटरनेट वर न्यायचं. जोडी येते, लावली जाते, चालत नाही आणि खोक्यात घालून माळ्यावर जाते.

नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी मी अशा बऱ्याच जोड्या लावून दिल्या आहेत. काम अडलं तिथे बहुतेक वेळा अडॅप्टर चांगलाच होता. लोकांनी आधी खरेदी केली आणि घराचं वायरिंग नंतर पाहिलं, घोळ तिथे झाला होता. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त भाग तयारीचा आहे. तो गाळून थेट जोडणीकडे जाऊ नका.

आणखी एक सांगून ठेवतो. घराचं काम अजून चालू असेल, किंवा बाहेरच्या भिंतीवरून अथवा डक्टमधून कॅट ६ केबल वर नेता येत असेल, तर केबलच टाका. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते आणि कुठलाही पॉवरलाइन अडॅप्टर तिची बरोबरी करत नाही. फक्त ती विजेच्या पाइपातून ओढू नका, तिला वेगळा पाइप द्या. भाड्याचं घर आहे, रंगकाम नुकतंच झालंय किंवा भिंत फोडायचीच नाही, अशा वेळी पुढचे टप्पे उपयोगाचे.

## टप्पा १: दोन्ही मजले एकाच फेजवर आहेत का?

सगळं यावर अवलंबून आहे. फेज म्हणजे घरात वीज आणणारी जिवंत तार, काही घरांत ती एकच असते, काही घरांत तीन. अडॅप्टर विजेच्या तारेवर उच्च वारंवारितेचा सिग्नल चढवतो आणि दुसऱ्या टोकाचा अडॅप्टर तो उतरवून घेतो. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असतील तर सिग्नलला सरळ रस्ता मिळतो. वेगवेगळ्या फेजवर असतील तर एका तारेतून शेजारच्या तारेत जेवढा झिरपेल तेवढाच पोहोचतो. कधी तो कामापुरता असतो, कधी अजिबात नसतो.

थ्री फेज जोडणी असलेल्या बंगल्यांत वायरमन बऱ्याचदा खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर आणि गिझर, पंप, एसी तिसऱ्यावर टाकतात. लोड वाटला जावा म्हणून हे योग्यच आहे, पण आपल्या कामाला नेमकं तेच आडवं येतं.

ओळखायचं कसं?

१. मीटर बघा. त्यावर सिंगल फेज की थ्री फेज ते छापलेलं असतं. सिंगल फेज असेल तर हा प्रश्नच मिटला, टप्पा २ वर जा.

२. थ्री फेज असेल तर आठवा: एक फेज जातो तेव्हा काय होतं? खालचे दिवे चालू आणि वर अंधार, असं कधी झालं असेल तर दोन्ही मजले वेगळ्या फेजवर आहेत. घरातल्या मोठ्यांना विचारा, हे त्यांना नक्की ठाऊक असतं.

३. डीबीचं झाकण न काढता नुसतं दार उघडून एमसीबी, म्हणजे प्रत्येक सर्किटचे आपोआप पडणारे स्विच, पाहा. त्यांच्यावर बऱ्याचदा आर, वाय, बी किंवा लाल, पिवळी, निळी खूण केलेली असते. दिवसाउजेडी एकेक एमसीबी खाली पाडा आणि कोणते सॉकेट बंद होतात ते कागदावर लिहा. त्याआधी संगणक नीट बंद करा.

सावधान: दोन मजल्यांवरच्या सॉकेटांत लांब वायरी घालून मल्टिमीटरने मोजायचा प्रयोग घरी करू नका. फेज वेगळे असतील तर त्या दोन वायरींमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट असतात. खुणा नसतील तर वायरमनला बोलवा. हे त्याचं थोड्या वेळाचं काम आहे.

फेज वेगळे निघाले तरी लगेच नाद सोडू नका. राउटरच्या सॉकेटचं सर्किट वरच्या मजल्याच्या फेजवर घेता येईल का, हे वायरमनला विचारा. तो लोड बघून सांगेल. बदल करताना त्या सर्किटचा न्यूट्रल ज्या आरसीसीबीखाली (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे, फेजही त्याच आरसीसीबीखालचा हवा. फेज एका आरसीसीबीखालचा आणि न्यूट्रल दुसऱ्याखालचा झाला, तर तो ट्रिप होत राहील.

काही जुन्या घरांत फेज बदलायचा सिलेक्टर स्विच असतो. आज खालचा मजला एका फेजवर, उद्या तो गेला की दुसऱ्यावर. अशा घरात इंटरनेट कधी चालतं, कधी चालत नाही आणि कारण सापडत नाही. सिलेक्टर असेल तर तो रोज कुठल्या खुणेवर असतो ते लिहून ठेवा.

मीटरच दोन असतील, म्हणजे वरच्या मजल्यावर भावाचं बिऱ्हाड वेगळ्या मीटरवर असेल, तर सिग्नलला मीटरपर्यंत खाली जाऊन परत वर यावं लागतं. अशा घरासाठी जोडी विकत घ्या असं मी कुणाला सांगत नाही. उसनी मिळाली तर लावून बघा.

## टप्पा २: इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढा

परदेशी सूचनापत्रकांत हा मुद्दा सहसा नसतो, आणि आपल्याकडे निम्मी फजिती याच्यामुळे होते. आपल्या घरात बोर्डावरचे काही सॉकेट थेट मेन्सवर असतात आणि काही इन्व्हर्टरवर. राउटर बहुधा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर असतो, म्हणजे लाइट गेली तरी इंटरनेट राहतं. मग खालचा अडॅप्टर त्याच बोर्डावर लागतो आणि वरचा मात्र मेन्सवर. आता सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं. तिथे रिले आहे, चार्जर आहे, त्या चार्जरचा गोंगाट आहे. सिग्नल तिथेच थकतो.

नियम सोपा आहे: दोन्ही अडॅप्टर मेन्सवर, नाहीतर दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या लाइनवर.

तपासा: मेन स्विच पाडा. कोणते सॉकेट चालू राहतात ते मोबाइलचा चार्जर लावून बघा आणि त्यांवर पेन्सिलने खूण करा. इन्व्हर्टर चालू असताना ते सॉकेट जिवंतच असतात, त्यांना हात लावताना विसरू नका.

लाइट गेल्यावरही वर इंटरनेट हवं असेल तर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, पण तो साइन वेव्ह प्रकारचा हवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की लाइनवर इतका खरखराट येतो की जोडणी तुटू शकते. आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून बरेच जण निश्चिंत होतात. राउटर चालू राहतोच, पण मेन्सवरचे अडॅप्टर बंद पडतात आणि वर काहीच पोहोचत नाही.

## टप्पा ३: सॉकेट निवडा

आतापर्यंतच्या कागदावरून तुमच्याकडे वर आणि खाली दोन-तीन सॉकेटांची नावं आली असतील. त्यातला असा निवडा:

- भिंतीतलाच हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि स्पाइक गार्ड तर मुळीच नको. स्पाइक गार्ड विजेतला गोंगाट गाळतो आणि अडॅप्टरचा सिग्नल त्याच्या दृष्टीने गोंगाटच असतो. यूपीएसचंही तेच.
- पिन घट्ट बसायला हवी. हलवल्यावर चरचर आवाज येत असेल तर आधी सॉकेट बदलून घ्या.
- त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जितका कमी तितकं बरं.
- अडॅप्टर गरम होतो. कपाटामागे किंवा पडद्याआड कोंडू नका.

अर्थिंगही बघून घ्या. नव्या पिढीचे थ्री पिन अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थची तारही सिग्नलसाठी वापरतात, त्यामुळे अर्थिंग चांगलं असलं की वेगात फरक दिसतो. वायरमन फेजच्या कामाला येईल तेव्हाच त्याच्याकडून दोन्ही सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या.

सावधान: अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडायचा उपाय कुणी सुचवला तर ठाम नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटला तर मिक्सरच्या, फ्रिजच्या धातूच्या अंगावर वीज उतरते. इंटरनेटसाठी हा धोका कुणीही घेऊ नये.

## टप्पा ४: आता खरेदी

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ६००, १२००, २००० हे आकडे तारेवरच्या कच्च्या वेगाचे असतात, जाण्या-येण्याचे मिळून. आदर्श परिस्थितीतले असतात आणि त्यातला बराच भाग सिग्नलच्या स्वतःच्या व्यवहारात जातो. आपल्या घरात त्याचा चौथा-पाचवा हिस्सा हाती आला तर जोडणी चांगली झाली असं मी समजतो.

आकड्यापेक्षा तीन गोष्टी बघा.

पहिली, पोर्ट. ६०० लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलना इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. वायरिंग कितीही चांगलं असो, त्यातून ९४-९५ च्या वर काही निघत नाही. प्लॅन १०० च्या वरचा असेल तर गिगाबिट पोर्टच घ्या.

दुसरी, जात, म्हणजे अडॅप्टर कोणत्या मानकाचा आहे ते. होमप्लग एव्ही आणि एव्ही२ एकमेकांशी बोलतात. जी.एचएन ही वेगळी जात, ती होमप्लगशी बोलत नाही. मित्राकडचा जुना एक आणि बाजारातला नवा एक अशी जोडी लावायची असेल तर आधी दोघांची जात बघा.

तिसरी, पिन. ही बारीकसारीक वाटते, पण हिच्याकडे दुर्लक्ष करू नका. बाहेरून आलेल्या अडॅप्टरना ब्रिटनच्या चौकोनी किंवा युरोपच्या गोल पिना असतात. युरोपीय गोल पिन आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये शिरते खरी, पण आपल्या पिनेपेक्षा थोडी बारीक असल्यामुळे सैल राहते, आणि तिच्या अर्थची पट्टी आपल्या सॉकेटच्या अर्थला टेकतच नाही. म्हणजे अर्थचा फायदा गेला आणि ठिणगीची भीती आली. भारतीय पिनेचं मॉडेल मिळालं तर दोन पैसे जास्त देऊन तेच घ्या. नाहीच मिळालं तर घट्ट बसणारा चांगला कन्व्हर्टर प्लग घ्या, स्टेशनबाहेरचा नको.

परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते विचारूनच पैसे द्या. वायरिंगचा अंदाज शेवटी लावूनच कळतो.

## टप्पा ५: जोडी एकाच खोलीत जुळवा

बहुतेक जण एक अडॅप्टर खाली लावतात, दुसरा घेऊन वर पळतात आणि तिथे बटण दाबतात. चाललं नाही की दोष जुळणीचा की वायरिंगचा, हे मग कळत नाही. म्हणून:

१. दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, शक्यतो एकाच बोर्डावर लावा. एक मिनिट थांबा.

२. पहिल्याचं पेअर बटण एक-दोन सेकंद दाबून सोडा. दिवा लुकलुकू लागेल.

३. दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटण तसंच दाबा.

४. दोन्हींचा पॉवरलाइनचा दिवा स्थिर झाला की जोडी जमली.

सावधान: बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरू नका. बऱ्याच मॉडेलांत त्याने उलट जुनी जोडी मोडते.

काही जोड्या बटण न दाबताही चालतात, कारण कारखान्यातून सगळ्यांना एकच नाव दिलेलं असतं. तरीही बटण दाबाच. सिग्नल मीटरपाशी आपोआप थांबेल याची खात्री नसते. शेजारी तसाच अडॅप्टर लावला गेला तर तुमचं नेटवर्क त्याच्या घरात उघडं पडू शकतं. बटण दाबल्यावर तुमच्या जोडीची स्वतःची गुप्त किल्ली तयार होते.

तपासा: आता एक अडॅप्टर राउटरच्या लॅन पोर्टला आणि दुसरा लॅपटॉपला केबलने जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि वेग मोजून लिहून ठेवा. तुमच्या घरातला हा सगळ्यात चांगला आकडा. वर गेल्यावर यापेक्षा कमीच येणार.

## टप्पा ६: वर जा, पण लॅपटॉप केबलनेच जोडा

पहिला अडॅप्टर राउटरशेजारच्या ठरलेल्या सॉकेटमध्ये ठेवा. दुसरा वरच्या पहिल्या निवडलेल्या सॉकेटमध्ये लावा आणि केबलने लॅपटॉपला जोडा. वायफाय अजून आणू नका. वायफायची अडचण आणि तारेची अडचण एकत्र आल्या की गुंता सुटत नाही.

दिव्याचा रंग बघा. काही कंपन्यांत हिरवा म्हणजे चांगला, नारिंगी मध्यम, लाल कमजोर, तर काहींत रंगांचा क्रम वेगळा असतो. सूचनापत्रक एकदा उघडा. मग वेग मोजा. लॅपटॉपवर राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि पाच मिनिटं बघा. उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत, एकसारखं येत असेल तर उत्तम. मध्येच दोनशे-तीनशेवर उडी मारत असेल किंवा उत्तरच येत नसेल तर वेगाचा आकडा मोठा दिसला तरी व्हिडिओ कॉल अडखळणारच.

आता हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या सॉकेटवर करा. त्याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर, वेग दुप्पट झालेला मी पाहिला आहे. भिंतीतली तार कुठून कशी फिरली आहे, मध्ये किती जोड आहेत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून कंटाळा न करता तिन्ही सॉकेट तपासा.

## टप्पा ७: वर वायफाय सुरू करा

वायफाय असलेला अडॅप्टर घेतला असेल तर हे सोपं आहे. त्याच्या ॲपमधून नाव आणि पासवर्ड द्या. घरातला जुना राउटर वर वापरायचा असेल तर इथे क्रम पाळा. तो थेट जोडला तर दोन राउटरचा पत्ता एकच निघतो, दोघंही पत्ते वाटू लागतात आणि खालचंही इंटरनेट कोलमडतं.

१. जुना राउटर कुठेही न जोडता फक्त लॅपटॉपला जोडा.

२. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. बाकीची बरीच कामं तोच करतो. पोर्ट कोणता वापरायचा ते सूचनापत्रकात बघून थेट ६ वर जा.

३. नसेल तर त्याचा लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. खाली कुणाला तो पत्ता दिलेला नाही, एवढं पाहून घ्या.

४. डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटायचं काम खालच्यानेच करायचं.

५. आता अडॅप्टरची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या पोर्टमध्ये लावायची नाही.

६. २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनल खालच्यापेक्षा वेगळा ठेवा. १, ६ आणि ११ पैकी खाली १ असेल तर वर ६ किंवा ११.

पहिले दोन-तीन दिवस वरच्या वायफायला वेगळं नाव द्या. फोन नक्की कशाला जोडला आहे ते त्यामुळे कळतं. सगळं स्थिर झालं की दोन्हीकडे एकच नाव आणि पासवर्ड ठेवा.

सावधान: वर आधीपासून वायफाय रिपीटर लावलेला असेल तर तो आता काढा. तोच रिपीटर केबलने अडॅप्टरलाही जोडला, तर खालून वर दोन वाटा होतात, माहिती गोल फिरत राहते आणि पूर्ण घराचं इंटरनेट ठप्प होतं.

## टप्पा ८: एक अख्खा दिवस

रात्री अकराला सगळं झकास चालतं, कारण तेव्हा घर शांत असतं. खरी परीक्षा सकाळी. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा आणि घरच्यांना आपापली कामं करू द्या: मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, एसी. एखादं यंत्र सुरू होताच पिंग बिघडला तर दोषी सापडला. जी वस्तू प्लगवर चालते आणि जिच्या सॉकेटजवळ अडॅप्टर आहे, ती दुसऱ्या सॉकेटवर न्या. किंवा स्पाइक गार्ड त्या वस्तूला लावा. इथे त्याचा गोंगाट गाळण्याचा गुण आपल्या कामी येतो. स्वस्त मोबाइल चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे यांच्यावर मोठ्या यंत्रांइतकाच संशय घ्या.

मग मेन स्विच दोन मिनिटं पाडून परत चालू करा. वीज आल्यावर जोडी आपोआप जुळायला हवी.

## अडलं तर कुठून सुरू करायचं

अजिबात जोडणी नाही: दोन्ही अडॅप्टर परत एका बोर्डावर आणा. तिथे चाललं तर दोष वायरिंगचा, टप्पा १ आणि २ पुन्हा बघा. तिथेही नाही तर टप्पा ५ नव्याने करा, आणि तरीही नाही तर अडॅप्टर परत करा.

वेग कायम ९४ च्या आसपास अडतो: पोर्ट १०० चा आहे किंवा केबल जुनी आहे. अडॅप्टर आणि राउटर यांच्यामधली केबल बदलून बघा.

सकाळी बंद, लॅपटॉप लावला की चालू: बरेच अडॅप्टर केबलच्या टोकाचं उपकरण बंद असलं की काही मिनिटांनी झोपतात. हा दोष नाही, अर्धा मिनिट द्या.

आधी नीट होतं, आता बिघडलं: घरात नवीन काय आलं ते विचारा. नवा इन्व्हर्टर, नवे दिवे, वायरमनने बदललेला फेज, कुणी तरी मध्ये घातलेला एक्स्टेंशन बोर्ड. कारण बहुधा याच यादीत असतं.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की मात्र दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि राउटरचीही केबल सोडवा. अडॅप्टर स्पाइक गार्डमागे लावता येत नाही, त्यामुळे लाइनवरून आलेला झटका थेट त्याच्यावर आणि केबलमधून राउटरवर जातो. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण पाऊस येतो तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही. आणि टप्पा १ चा तो कागद, कोणता एमसीबी कुठला, कोणता सॉकेट कोणत्या फेजवर आणि कोणता इन्व्हर्टरवर, डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. पुढच्या वेळी वायरमन येईल तेव्हा सगळ्यात आधी तो हाच कागद मागेल.